पद्मिनी गाडीसाठी रीलवर गुंडाळणारे सीट बेल्ट: कामाच्या नोंदी

गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, इंजिन १०८९ सीसीचे, पुढे बाकासारखी सलग सीट आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मुक्काम शहापूर, बेळगाव. पुढच्या सीटना बेल्ट देणे उत्पादकांना १९९४ पासून बंधनकारक झाले, त्यामुळे या गाडीत बेल्ट नाहीत आणि ते बसवण्यासाठी कंपनीने सोडलेली नटांची जागाही नाही. पुढचे दोन बेल्ट बसवायला मी दोन रविवार धरले होते. प्रत्यक्षात नऊ आठवडे लागले.

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

काल दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालून झाल्यावर पुण्याहून आलेली मुलगी पुढे बसली आणि सवयीने तिने हात खांद्यामागे नेला. हाताला रेक्झिनशिवाय काही लागले नाही. "बाबा, हिला बेल्टच नाही?" असे तिने विचारले तेव्हा अडतीस वर्षांत हा प्रश्न घरात कोणी विचारला नव्हता हे लक्षात आले. तिला ही गाडी चालवायची आहे आणि बेल्टशिवाय ती चालवणार नाही, म्हणून आज काम हाती घेतले.

न गुंडाळणारा, बकलाने घट्ट करायचा साधा बेल्ट स्वस्त पडला असता. पण तो अंगाला नीट बसवला की चोकच्या मुठीपर्यंत हात पोहोचत नाही आणि सैल ठेवला तर बेल्ट असून नसल्यासारखा होतो. शिवाय ही गाडी वडील, मी आणि मुलगी अशा तीन वेगवेगळ्या उंचीच्या माणसांनी चालवायची आहे. म्हणून रीलवर गुंडाळणारेच बेल्ट घ्यायचे ठरले.

सीट काढताना चारपैकी दोन बोल्ट गंजून तुटले. गालिचा उचलल्यावर उजव्या बाजूला, दोन दारांमधल्या खांबाच्या पायथ्याशी, पत्र्याचा रंग फुगलेला दिसला. स्क्रूड्रायव्हरने टोचताच तो आरपार गेला आणि दोन बोटे जातील एवढे भोक पडले. खानापूर रस्त्यावरचे पावसाळे या गाडीने पुष्कळ पाहिले आहेत, तेव्हा नवल वाटायला नको होते. बेल्टचा खालचा बोल्ट नेमका इथेच येणार होता. हे काम करू इच्छिणाऱ्याने बेल्ट मागवण्यापूर्वी सीट काढून पत्रा टोचून पाहावा.

१९ ऑक्टोबर

पहिली मोठी चूक केली. एका भंगारवाल्याकडे मारुतीतून काढलेले दोन बेल्ट ९०० रुपयांना मिळाले आणि मी ते घेतले. घरी उजेडात सगळी पट्टी बाहेर ओढून पाहिली तेव्हा खांद्याजवळच्या कडीतून जाणाऱ्या भागावर तळहाताएवढ्या लांबीचा एक चकचकीत, कडक झालेला पट्टा दिसला. तिथले धागे वितळून एकमेकांना चिकटल्यासारखे होते आणि नख फिरवले की खरखर लागत होती. दुसऱ्या बेल्टच्या कडीच्या प्लॅस्टिकवरही तशाच ओढल्याच्या खुणा होत्या. म्हणजे हे बेल्ट एकदा जोरदार धडकेत ताणले गेले होते. बेल्टची पट्टी धक्का सोसताना लांबते आणि ती पुन्हा पूर्ववत होत नाही. रील गुंडाळते आहे एवढ्यावरून बेल्ट चांगला ठरत नाही. कोणी पुन्हा वापरू नये म्हणून दोन्ही पट्ट्या कात्रीने कापल्या. ९०० रुपये गेले.

२३ ऑक्टोबर

नवे बेल्ट आले. जोडीला ४,४०० रुपये पडले. सोबत बोल्ट होते, पण नट आणि मागच्या प्लेटा नव्हत्या. बेल्टचे बोल्ट जगभर बहुतेक एकाच मापाचे असतात: जाडी ७/१६ इंच, एका इंचात २० आटे, बारीक आट्याचे. गणपत गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याने "त्यापेक्षा बारा एमएमचा टाका की ओ, मजबूत बसतो बगा" असा सल्ला दिला. तो मी मानला नाही, कारण बेल्टच्या कडीतले भोक, बुश (बोल्टवर बसणारी छोटी नळी) आणि बोल्टचा खांदा ही सगळी मापे एकमेकांसाठी केलेली असतात. नट आणि त्या मापाचा टॅप (आटे पाडायचे हत्यार) शेवटी उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका हत्यारांच्या दुकानात मिळाला.

२७ ऑक्टोबर, रविवार

प्लेटांचे काम. पद्मिनीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, सगळा भार बॉडीच्या पत्र्यावरच असतो. पातळ पत्र्याला नुसते भोक पाडून वॉशर लावला तर धडकेत बोल्ट वॉशरसकट पत्रा फाडून निघेल. भार पसरवण्यासाठी मागे प्लेट हवी. मोटारशर्यतीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत अशा प्लेटेला किमान ४० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ आणि ३ मिलिमीटर जाडी सांगितली आहे. तेच माप मी धरले. तळासाठी ६५ × ६५ मिलिमीटरच्या प्लेटा कापल्या आणि कोपरे गोल घासले, कारण धारदार कोपरा ताण आल्यावर छिन्नीसारखा पत्र्यात शिरतो.

दुसरी चूक इथे झाली. मी प्लेटेलाच ९.९ मिलिमीटरचे भोक पाडून आत आटे पाडले. बोल्ट छान बसला, मन खूश झाले, आणि रात्री जेवताना हिशेब सुचला: इंचात २० आटे म्हणजे एका आट्याला १.२७ मिलिमीटर, आणि ३ मिलिमीटरच्या प्लेटेत जेमतेम सव्वादोन आटे. एवढ्या आट्यांवर माणूस टांगता येत नाही. सगळ्या प्लेटांची भोके मोठी करून मागे नट वेल्ड करायचे ठरले. एक रविवार वाया.

३० ऑक्टोबर

नट वेल्ड करून आणले. वेल्डिंगच्या उष्णतेने आटे थोडे आक्रसतात आणि ठिणग्यांचे थेंब आत चिकटतात, त्यामुळे एकाही नटात बोल्ट हाताने जाईना. प्रत्येक नटातून पुन्हा टॅप फिरवावा लागला. तिथून पुढे वेल्डिंग करताना नटात एक जुना बोल्ट अर्धा फिरवून ठेवू लागलो. थेंब आत जात नाहीत.

१ नोव्हेंबरला दिवाळी, कर्नाटक राज्योत्सव आणि इथल्या मराठी भाषकांचा काळा दिवस हे सगळे एकदमच आल्यामुळे उद्यमबागेत कोणी भेटणार नव्हते. काम आठवडाभर बंद.

९ आणि १० नोव्हेंबर

तळाचा गंजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापला. दोन बोटांचे भोक वहीच्या पानाएवढे झाले. वेल्डर हुबळीकडचा, कन्नड बोलणारा. कडेच्या उरलेल्या पातळ पत्र्याला जोड देता येईल का असे विचारल्यावर त्याने बोटाने पत्रा दाबून पाहिला आणि म्हणाला, "आगंगिल्ल री, सुट्टु होग्तद." जमणार नाही, जळून जाईल. त्याचे ऐकून आणखी दोन बोटे कापले आणि १.२ मिलिमीटरचा नवा पत्रा चढवून जोडला.

वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार सोडली होती आणि तळाखालून जाणारी पेट्रोलची नळी बाजूला घेऊन ओल्या गोणपाटाने झाकली होती. पण खालच्या बाजूचे जुने डांबरी कोटिंग खरवडायचे मी विसरलो. जोड देत असतानाच खालून काळा धूर येऊ लागला आणि एक कोपरा पेटला. बादली हाताशी होती म्हणून निभावले. जिथे वेल्डिंग करायचे त्याच्या आजूबाजूला वीतभर कोटिंग आधी खरवडून काढा, आणि एका माणसाला नुसते खाली पाहत बसवा.

तळाच्या प्लेटा खालच्या बाजूने बसवल्या, म्हणजे ओढ लागल्यावर त्या पत्र्यावर दाबल्या जातील. वरून बसवल्या असत्या तर सगळा भार वेल्डिंगच्या टाक्यांवर आला असता. जोडांवर रेड ऑक्साइड, मग सीलंट, मग रंग. वेल्डिंगचे २,६०० रुपये.

१७ नोव्हेंबर, रविवार

मधल्या खांबाचे काम सगळ्यात किचकट निघाले. मागच्या दाराची बिजागरे आणि पुढच्या दाराचे कुलूप अडकण्याची जागा याच खांबावर आहे. खांब म्हणजे दोन पत्र्यांचा पोकळ डबा, आणि वरचा बोल्ट आतल्या पत्र्यातून जाणार असल्यामुळे प्लेट त्या पोकळीतच जायला हवी.

आधी उंची ठरवली. मी सीटशिवाय, डोळ्याच्या अंदाजाने खडूची खूण केली होती. मग सीट तात्पुरती ठेवून तिघांना बसवून पाहिले तेव्हा खूण वडिलांच्या खांद्याच्या चार बोटे खाली आली. वरची कडी खांद्याच्या खाली असेल तर धडकेत पट्टी खांदा खाली खेचते आणि तो भार मणक्यावर येतो. कडी खांद्याच्या बरोबरीने किंवा थोडी वर हवी. भोक पाडण्यापूर्वी हे कळले, हे नशीब. घरातल्या सगळ्यात उंच माणसाला बसवूनच खूण करा.

खांबात ६५ ची चौरस प्लेट मावत नाही, म्हणून ४० × १०५ मिलिमीटरची लांबट प्लेट केली. क्षेत्रफळ ४२ चौरस सेंटिमीटर भरते. खांबाच्या खालच्या भागात, रेक्झिनने झाकल्या जाणाऱ्या जागी, एक खाच कापली. वरच्या भोकातून सायकलच्या ब्रेकची तार खाली सोडून नटातून ओवायची, गाठ मारायची आणि प्लेट वर ओढून घ्यायची, असा बेत होता. उजव्या बाजूला तो पहिल्याच प्रयत्नात साधला. डाव्या बाजूला प्लेट भोकाच्या तोंडाशी आली, मी बोल्ट घ्यायला हात सोडला, तार निसटली आणि प्लेट खणखणत खांबाच्या तळाशी जाऊन खाचेच्याही खाली पडली. जुन्या स्पीकरचे चुंबक दोरीला बांधून ती काढायला दीड तास लागला, कारण चुंबक प्लेटेपेक्षा खांबाच्या भिंतीलाच जास्त प्रेमाने चिकटत होते. शेवटी चुंबकाच्या कडेला कागदी चिकटपट्टी गुंडाळून फक्त खालची बाजू उघडी ठेवली तेव्हा प्लेट वर आली.

प्लेट जागेवर आल्यावर बोल्टने आवळून धरली आणि आतल्या पत्र्याला आधीच पाडून ठेवलेल्या चार छोट्या भोकांतून वेल्ड भरून ती पक्की केली. खाचेवर पत्र्याचा तुकडा वेल्ड करून ती बंद केली. खांब उघडा ठेवू नये. आत रबरी नळीने गंजरोधक तेल फवारले.

२४ नोव्हेंबर, रविवार

रील खांबाच्या पायथ्याशी बोल्टने बसवले, पट्टी वरच्या कडीतून ओवली, मोठ्या उत्साहाने ओढली, आणि ती वीतभर येऊन अडकली. सोडली, पुन्हा ओढली, पुन्हा अडकली. रील खराब आहे असे समजून डावे रील लावून पाहिले. तेही तसेच.

अर्धा दिवस दुकानदाराला दोष देण्यात गेला. दोष माझाच होता. रीलमध्ये दोन कुलपे असतात: एक पट्टी झटक्याने ओढली की लागते, आणि दुसरे गाडीचा वेग एकदम कमी झाला किंवा गाडी कलंडली की लागते. दुसऱ्यात एक छोटी गोळी वाटीत बसलेली असते. ती हलली की वरचा छोटा खटका उचलला जाऊन दात अडकतो. गोळीला गाडी कलली की रीलच वाकडे बसवले आहे हे कळत नाही. युरोपीय नियमाप्रमाणे रील ठरलेल्या स्थितीपासून १२ अंशांपर्यंत कलले तर अडकता कामा नये आणि नेहमीच्या प्रकाराचे रील २७ अंशांच्या पुढे अडकलेच पाहिजे. मी गवंड्याचा ओळंबा आणून खांबाजवळ धरला. पायथ्याचा पत्रा आतल्या बाजूला १७ अंश झुकलेला निघाला. रील हातात घेऊन सरळ धरले की पट्टी पाण्यासारखी येत होती, झुकवले की अडकत होती. ही परीक्षा बोल्ट लावण्यापूर्वी दोन मिनिटांत झाली असती.

गाडी सपाट जागेवर उभी आहे याची खात्री करून, डाव्या-उजव्या आणि पुढच्या-मागच्या अशा दोन्ही दिशांना ओळंबा लावून मापे घेतली आणि ५ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्टीचे वाकवलेले ब्रॅकेट करायला दिले.

२७ नोव्हेंबर ते १ डिसेंबर

ब्रॅकेट आली ती दोन्ही उजव्या बाजूची. मी चित्र एकच काढले होते आणि "असे दोन" म्हणालो होतो. करणाऱ्याने अगदी तसे दोन केले. त्याचे ३५० रुपये गेले, आणि दुसऱ्या खेपेला पुठ्ठ्याचे डावे आणि उजवे असे वेगळे नमुने कापून दिले. या वेळी ६०० रुपये पडले, पण लोखंडी पट्टी बरोबर वाकली. आता ओळंब्याशी रील दोन्ही बाजूंना दोन अंशांच्या आत आहे.

वरच्या कडीतही एक चूक केली होती. बोल्टचे बुश आणि लाटेसारखा वॉशर उलट क्रमाने घातल्यामुळे बोल्ट आवळताच कडी जागेवर गोठली. ती माणसाच्या हालचालीबरोबर मोकळी फिरली पाहिजे. क्रम बदलला आणि बोल्ट ४० न्यूटन-मीटरला आवळला, तरी कडी बोटाने फिरते.

८ डिसेंबर, रविवार

बक्कल. ते गाडीच्या मधल्या उंचवट्याच्या बाजूला बसते आणि त्या उंचवट्याखालून प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागची चाके फिरवणारा दांडा, जातो. भोक पाडण्यापूर्वी गाडीखाली शिरून पाहिले तर माझ्या खुणेपासून जेमतेम १२ मिलिमीटरवर मागच्या चाकांची ब्रेकची नळी होती. खूण दोन बोटे पुढे सरकवली. बोल्टचे टोक शाफ्टकडे किती बाहेर येते तेही मोजा, आणि मोजताना मागच्या सीटवर दोन जाड माणसे बसवा, कारण मागचा अॅक्सल वरखाली झाला की शाफ्टही हलतो. माझा बोल्ट ६ मिलिमीटर कापावा लागला. नटाबाहेर दोन आटे राहतात, तेवढे पुरेत.

बक्कलाचा दांडा ताठ लोखंडी होता आणि जाड गादीमुळे तो पाठ आणि बैठक यांच्या फटीत बुडून जात होता. पट्टीवर शिवलेले बक्कल बदलून आणले आणि खडे बाजारातल्या गादीवाल्याकडून सीटच्या मागच्या शिवणीत दोन फटी करून घेतल्या. बक्कल नितंबाच्या हाडाशी आले पाहिजे. ते पोटावर चढत असेल तर पट्टी लांब आहे असे समजून पुन्हा करा. गादीवाल्याला ७०० रुपये दिले. सीटचे चारही बोल्ट नवे, चांगल्या प्रतीचे घातले. सीटच सुटून पुढे आली तर बेल्ट काय धरणार.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी उद्यमबागेतल्या रिकाम्या रस्त्यावर ताशी २० किलोमीटरवरून ब्रेक दाबून पाहिले. दोन्ही बेल्ट अडकले, गाडी थांबल्यावर सुटले. मग निपाणीपर्यंत जाऊन आलो. तवंदी घाटाच्या चढावर आणि वळणांवर पट्टी एकदाही विनाकारण अडकली नाही. परतताना हत्तरगीजवळ पुढच्या ट्रकने अचानक वेग कमी केला, तेव्हा छातीवर पट्टी घट्ट झालेली प्रथमच जाणवली. वडील शेजारी होते. ते काही बोलले नाहीत, फक्त पट्टीवर हात ठेवून बसले.

एक गोष्ट लपवून उपयोग नाही. कारखान्यात बेल्टच्या जोडांची परीक्षा होते तेव्हा खांद्याच्या आणि कमरेच्या पट्टीला प्रत्येकी १३,५०० न्यूटन, म्हणजे साधारण १,३५० किलो वजनाएवढी ओढ दिली जाते. माझ्या जोडांची अशी परीक्षा झालेली नाही आणि घरी होऊ शकत नाही. ज्याला पत्र्याची किंवा वेल्डिंगची खात्री नसेल त्याने तेवढा भाग जाणत्या माणसाकडून करून घ्यावा. मीही वेल्डिंग स्वतः केले नाही.

खर्च असा झाला: बेल्ट ४,४००, भंगारातले बेल्ट ९००, वेल्डिंग २,६००, प्लेटा, नट आणि टॅप ७८०, ब्रॅकेट दोन्ही खेपांची मिळून ९५०, गादीवाला ७००, रंग, सीलंट आणि गंजरोधक तेल १,१५०. एकूण ११,४८० रुपये. पत्रा चांगला असता आणि मी घाई केली नसती तर साडेसात-आठ हजारांत भागले असते.

एक काम उरले आहे. बेल्ट सोडला की बक्कलात जाणारी जीभ पट्टीवरून घसरत खाली येते आणि दार लावताना दारात सापडते. उजव्या दाराच्या रंगाला तिने आधीच एक टवका पाडला आहे. गादीवाला तापवलेल्या खिळ्याने पट्टीला भोक पाडून बटण लावायला निघाला होता. त्याला थांबवले, कारण वितळलेले धागे म्हणजे भंगारातल्या त्या बेल्टचीच अवस्था. धाग्यांमधून सुईने वाट करून दाबून बसवायचे प्लॅस्टिकचे बटण उजव्या बाजूला लावले आहे. डाव्या बाजूचे अजून मिळालेले नाही, तोवर दार लावण्यापूर्वी जीभ हाताने वर सरकवावी लागते.